परलोकाची सुरुवात कोणत्या तारखेपासून?

आई गेली त्याला वर्ष होऊन गेलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर सगळे हॉलमध्ये बसले होते, तेव्हा भाच्यानं विषय काढला. "मामा, आजीचे व्हॉइस मेसेज मी सगळे जपून ठेवलेत. तीनशेच्या वर आहेत. तेवढ्यावर तिचा आवाज हुबेहूब तयार करता येतो. तिनं लिहिलेले मेसेज तर आहेतच. आजोबांना तिच्याशी बोलता येईल."

मी ताबडतोब नाही म्हणालो. बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. त्यांना डुलकी लागली असेल असं मला वाटलं होतं. डोळे न उघडताच ते म्हणाले, "करू दे की त्याला. तुझं काय जातंय?"

"बाबा, ती आई नसेल."

"ते मला कळत नाही होय? दहाव्याला पिंडाला कावळा शिवला तेव्हा तू हात जोडलेस. तो कावळा काय तुझी आई होता?"

मला उत्तर सुचलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. सुरुवातीलाच सांगतो, मी आस्तिक नाही. मेल्यानंतर माणसाचं काही उरतं असं मला वाटत नाही. पण गेली काही वर्षं एक वेगळाच दावा ऐकू येतो आहे: परलोक आज नसेल, पण तो उद्या बांधता येईल. देवानं केला नाही, तर इंजिनियर करतील. हा दावा श्रद्धेचा नाही, त्यामुळे माझ्यासारख्याला तो हसून उडवता येत नाही. तो तपासावा लागतो.

तपासायला गेलं की लक्षात येतं, एकाच दाव्यात तीन निरनिराळे दावे आहेत.

पहिला, शरीर टिकवून ठेवण्याचा. 12 जानेवारी 1967 रोजी जेम्स बेडफर्ड हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक कॅलिफोर्नियात कर्करोगानं वारले आणि त्यांचा देह गोठवून ठेवण्यात आला. पुढच्या काळातलं वैद्यक आपल्याला जागं करील, ही त्यांची आशा. ही कल्पना पुस्तक लिहून लोकांपुढे मांडणारे रॉबर्ट एटिंगर 2011 साली वारले, त्यांचाही देह तसाच ठेवला गेला. बेडफर्ड आज अॅरिझोनातल्या अल्कोर या संस्थेत, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत आहेत. तिथे पूर्ण देह ठेवायचा खर्च दोन लाख डॉलरच्या पुढे जातो. नुसतं गोठवलं तर पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटतात, म्हणून आता रक्ताच्या जागी विशिष्ट द्रावणं भरून देह काचेसारखा घट्ट करतात. ही सगळी भोंदूगिरी आहे असं म्हणता येत नाही. 2023 साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांची मूत्रपिंडं अशा रीतीनं शंभर दिवसांपर्यंत ठेवून, पुन्हा ऊब देऊन, दुसऱ्या उंदरांत बसवली आणि ती चालली. पण मूत्रपिंड चाललं म्हणून मेंदू चालेल असं नाही, आणि मेलेला माणूस जागा होईल असं तर मुळीच नाही. शिवाय टाकीत नायट्रोजन भरत राहायला कोणीतरी जिवंत आणि प्रामाणिक माणूस लागतो. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थच्या दफनभूमीत असे काही देह ठेवले होते. पैसे संपले आणि ते वितळून गेले.

दुसरा दावा मन उतरवून घेण्याचा. मेंदूतल्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा काढायचा आणि तो संगणकावर चालवायचा. इथे आपण नेमके कुठे आहोत ते पाहू. सी. एलेगन्स नावाच्या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीच्या शरीरात 302 चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा 1986 साली प्रसिद्ध झाला. त्या नकाशावरून तो कृमी संगणकात पूर्णपणे 'जगवणं' अजूनही जमलेलं नाही. 2024 साली फळमाशीच्या पूर्ण वाढलेल्या मेंदूचा नकाशा झाला: सुमारे 1 लाख 39 हजार चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक जोडण्या. त्याच वर्षी माणसाच्या मेंदूच्या एका घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा प्रसिद्ध झाला. तेवढ्याशा तुकड्याची माहिती 1,400 टेराबाइट भरली. अख्खा मेंदू असे साधारण बारा-तेरा लाख तुकडे मिळून होतो. त्यात सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. तरीही हा अडथळा मोजता येण्याजोगा आहे. मोजता येणारे अडथळे माणसानं बरेच ओलांडलेले आहेत, म्हणून 'कधीच होणार नाही' असं मी म्हणणार नाही.

तिसरा दावा भाच्याचा. शरीर नको, मेंदू नको. माणूस मागे जे ठेवून गेला, म्हणजे मेसेज, फोटो, आवाज, त्यावरूनच तो पुन्हा बोलता करायचा. हे आजच होतं आहे. 2015 साली मॉस्कोत एका तरुणाचा अपघाती मृत्यू झाला. त्याची मैत्रीण युजेनिया कुयडा हिनं त्याचे हजारो मेसेज गोळा करून त्याच्यासारखं बोलणारा प्रोग्रॅम बनवला. 2020 साली दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीनं एका आईला तिच्या वारलेल्या लहान मुलीच्या आभासी प्रतिमेसमोर उभं केलं. त्या आईचे हवेत चाचपडणारे हात ज्यांनी पाहिले, त्यांना 'हे खोटं आहे' एवढं म्हणून पुढे जाणं अवघड वाटलं असेल.

आता नेहमीचा आक्षेप घेऊ, जो मीही बाबांपुढे घेतला. ती आई नसेल. ती नक्कल असेल.

डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञानं 1984 साली या आक्षेपाची फार बारकाईनं चिकित्सा केली. त्याचं उदाहरण असं. पृथ्वीवरचं एक यंत्र तुमच्या शरीराची कणन् कण नोंद घेतं, शरीर नष्ट करतं आणि ती नोंद मंगळावर पाठवतं. तिथे दुसरं यंत्र त्यावरून तंतोतंत तुम्हाला बनवतं. मंगळावर जो डोळे उघडतो त्याला तुमचं सगळं आठवतं. तो तुम्हीच, असं बहुतेक जण मान्य करतात. मग पार्फिट सांगतो की नवं यंत्र आलं आहे, ते पृथ्वीवरचं शरीर नष्ट करत नाही, पण हृदयाला इजा करतं. पृथ्वीवरचे तुम्ही काही दिवसांत मरणार आहात, आणि मंगळावरचे तुम्ही छान आहात. या बातमीनं तुमचं समाधान होईल का? माझं होणार नाही. पण पार्फिटचा निष्कर्ष वेगळाच आहे. तो म्हणतो, 'तो मीच का?' या प्रश्नालाच आपण फार महत्त्व देतो. रोजच्या जगण्यातसुद्धा 'मी' म्हणजे स्मृती, सवयी, इच्छा यांची एक साखळी आहे, तिच्या आत वेगळा मणी नाही.

आपल्याकडे हे दोन हजार वर्षांपूर्वी बोलून झालं आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो, की जो पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतो, तोच नाही आणि दुसराही नाही. रात्रभर एक दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे, पण त्या दोन वेगळ्या दिव्यांच्याही नव्हेत. पुढे तो दिव्यानं दिवा लावण्याचाही दाखला देतो.

हा दाखला मला फार उपयोगी वाटतो, कारण त्यानं वरचे तीन दावे वेगळे करता येतात. ज्योतीवरून ज्योत लागली तर तिथे काहीतरी चालू राहिलं असं म्हणायला जागा आहे. जिवंत मेंदूचा पूर्ण नकाशा काढून तो चालता झाला, तर ते दिव्यानं दिवा लावल्यासारखं असेल. तो माणूस 'तोच' की नाही हा वाद चालेल, पण वाद घालण्याजोगं काही असेल. व्हॉइस मेसेजवरून केलेला आवाज मात्र दिव्याच्या फोटोसारखा आहे. फोटो कितीही स्पष्ट असला तरी त्यावर वात पेटत नाही. आईच्या मनात मरणाआधी काय चाललं होतं, त्यातलं काहीही त्या आवाजात उतरणार नाही. ते कोणीच कुठे साठवलेलं नव्हतं.

म्हणजे उत्तर असं दिसतं: तत्त्वतः पुढे कधीतरी, काही जणांसाठी, मरणोत्तर जीवनासारखं काही शक्य होईल. तत्त्वज्ञानानं दरवाजा बंद केलेला नाही.

पण इथपर्यंत आल्यावर मला पणजोबांच्या काळातलं एक खरेदीखत आठवलं. गावचं घर विकलं तेव्हा जुन्या ट्रंकेत ते सापडलं होतं. त्यावर खाली एक अंगठा उठवलेला आहे, निळ्या शाईचा, थोडा फाकलेला. तो माझ्या आजीचा, म्हणजे बाबांच्या आईचा. बाबा सहा वर्षांचे असताना ती बाळंतपणात गेली. तिचा फोटो नाही. तिनं लिहिलेलं काही नाही, कारण तिला लिहिता येत नव्हतं. तिला पाहिलेल्यांपैकी आता फक्त बाबा जिवंत आहेत, आणि त्यांना तिचा चेहरा आठवत नाही. हिरव्या बांगड्या आणि भाकरी थापण्याचा आवाज आठवतो, एवढंच. या बाईच्या आयुष्याची पृथ्वीतलावरची नोंद म्हणजे तो अंगठा.

यंत्रानं बांधलेल्या परलोकात ती कधीही येणार नाही. आई कदाचित येईल, भाचा नक्की येईल, आजी नाही. तिला वाळीत टाकायचं असं कुणी ठरवलेलं नसेल, पण तिचा 'डेटा' नाही. आणि आजवर मेलेली बहुतेक माणसं आजीसारखीच आहेत. मला वाटतं खरा प्रश्न हा आहे. तंत्रज्ञानानं परलोक उघडला तर त्याला उद्घाटनाची तारीख असेल. त्या तारखेआधी मेलेले सगळे कायमचे बाहेर राहतील.

ही बोच एका माणसाला आयुष्यभर होती. निकोलाय फ्योदोरोव्ह (1829-1903) हा मॉस्कोतला एक ग्रंथपाल. अतिशय साधा राहणारा, पगार वाटून टाकणारा. टॉलस्टॉय आणि दस्तयेवस्की यांना त्याच्या विचारांचं आकर्षण होतं, आणि पुढे रॉकेटशास्त्राचा पाया घालणारा त्सिओल्कोव्हस्की तरुणपणी त्याच्या ग्रंथालयात शिकला. फ्योदोरोव्हचं म्हणणं असं, की मागच्या पिढ्यांच्या हाडांवर उभं राहून पुढच्यांनी सुखात राहायचं, याला प्रगती म्हणणं अनैतिक आहे. विज्ञानाचं काम एकच, आजवर मेलेल्या सगळ्यांना परत आणायचं. मुलांनी बापांना उठवायचं, त्या बापांनी त्यांच्या बापांना, असं पार पहिल्या माणसापर्यंत. एवढी माणसं पृथ्वीवर मावणार नाहीत, म्हणून इतर ग्रहांवर जायचं. हे वेड आहे, पण त्यातलं नीतिशास्त्र आजच्या अनेक शहाण्या योजनांपेक्षा वरचं आहे. त्याच्या परलोकाला तारीख नाही आणि वर्गणीही नाही.

तो चुकला तो भौतिकशास्त्रात. पूर्वजांचे विखुरलेले कण गोळा करता येतील असं त्याला वाटत होतं. पण कण गोळा केले तरी ते कसे रचलेले होते ही माहिती कुठून आणणार? फ्रँक टिपलर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं 1994 साली यावर उपाय सुचवला: विश्व शेवटी आक्रसत जाईल, त्या शेवटच्या क्षणी अमर्याद गणनशक्ती मिळेल आणि झालेल्या सगळ्यांना पुन्हा उभं करता येईल. चारच वर्षांनी, 1998 साली, निरीक्षणांतून कळलं की विश्वाचं प्रसरण उलट वाढत्या वेगानं होतं आहे. म्हणजे आजी तिथेही नाही.

परलोकाकडून माणसांनी आजवर काय मागितलं ते नीट पाहिलं तर तीन मागण्या दिसतात. मी संपू नये, ही एक. गेलेले पुन्हा भेटावेत, ही दुसरी. आणि इथे जो हिशेब चुकता झाला नाही तो कुठेतरी व्हावा, ही तिसरी. चित्रगुप्ताची वही याच मागणीतून आली. यंत्र पहिली मागणी कदाचित पुरवील, तीही ज्याला परवडेल त्याची. दुसरी अर्धीमुर्धी पुरवील. तिसरीला ते हातही लावू शकत नाही. 1937 साली मॅक्स होर्कहायमर यांनी वॉल्टर बेंजामिनना पत्रात बजावलं होतं, की झालेला अन्याय होऊन गेलेला असतो, मारले गेलेले खरोखरच मारले गेलेले असतात. ते नाकारायचं तर अंतिम निवाड्याच्या दिवसावर विश्वास ठेवावा लागेल. बेंजामिननी यावर टिपण केलं, की इतिहास हे नुसतं शास्त्र नाही, ते स्मरणही आहे, आणि शास्त्रानं बंद केलेलं प्रकरण स्मरण पुन्हा उघडू शकतं. मला हे पूर्ण पटतं असं नाही. स्मरणानं आजी परत येत नाही. पण तिचं प्रकरण उघडं राहतं.

आपल्या परंपरेतला परलोक समतेचा होता असंही कुणी समजू नये. त्याची किल्ली मुलग्याच्या हातात होती, विधींचा अधिकार जातीनं आणि लिंगानं बांधलेला होता. तरी त्यात एक सोय होती, ती मला आता वेगळी दिसते. भाद्रपदातल्या पंधरवड्यात प्रत्येकाची तिथी असते; आईसारखी नवऱ्याआधी गेलेली बाई, तिची अविधवा नवमी. आणि ज्यांची तिथीच माहीत नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. ज्यांची नोंद नाही त्यांच्यासाठी राखून ठेवलेला दिवस. आजीची तिथी कुणालाच माहीत नाही. बाबा तिचं पान दर वर्षी सर्वपित्रीलाच वाढतात.

आता बाबांच्या कावळ्याकडे येतो. कावळा आई नव्हता हे खरं. मग कावळा चालतो आणि यंत्र का चालत नाही?

मला सुचलेलं उत्तर असं. कावळा बोलत नाही. पिंडाला कावळा शिवेना की घाटावर काय होतं ते आठवा. माणसं आठवू लागतात, हिची इच्छा कशात राहिली असेल? कुणी म्हणतं, "धाकटीचं लग्न आम्ही करू." कुणी म्हणतं, "भावाशी भांडण मिटवतो." बोलावं लागतं ते जिवंतांना, आणि शब्द द्यावा लागतो तोही जिवंतांनीच. मेलेलीच्या तोंडी कुणी वाक्य घालत नाही. यंत्रात नेमकं उलटं होतं. आपण गप्प बसून विचारायचं आणि तिनं बोलायचं, जी वाक्यं ती कधी बोलली नाही तीही. माझ्यावर रागावली असशील का, असं मी विचारलं, तर ते यंत्र बहुधा नाही म्हणेल. आईनं मला माफ केलं होतं की नाही हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं हे माझं ओझं आहे. ते उतरवण्याचा अधिकार फक्त तिला होता. तिच्या आवाजात तो दुसऱ्या कुणाला वापरू देणं हा मला तिच्यावरचा अन्याय वाटतो. मेलेल्यांवर अन्याय करता येतो का, हा वादाचा विषय आहे. येतो, असं मी मानतो. नाहीतर मृत्युपत्र पाळायचं कारणच उरत नाही.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला काही विचारायचं नाहीये तिला. माफीबिफी तुमचं चालू दे." थोड्या वेळानं म्हणाले, "एकच वाक्य हवंय. 'अहो, पानं घेतलीत.' बाकी काही नको."

मी भाच्याला विचारलं. तीनशेच्या वर व्हॉइस मेसेजमध्ये ते वाक्य कुठेच नाही. असणार कसं? ते ती स्वयंपाकघरातून हाक मारून म्हणायची, दिवसातून दोनदा, पंचावन्न वर्षं. समोरच्या माणसाला कुणी व्हॉइस मेसेज पाठवत नाही. आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा जे बोललं गेलं तेच नेमकं कुठे राहिलेलं नाही.

माझा युक्तिवाद इथे अडखळतो. हे वाक्य तिच्या तोंडी घातलेलं नाही, ते तिचंच आहे, चाळीस हजार वेळा म्हटलेलं. ते यंत्रानं म्हटलं तर तिच्यावर काय अन्याय होणार? आणि जर होत नसेल, तर माझी हरकत तिच्यासाठी होती की माझ्यासाठी?

महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात एक प्रसंग आहे. युद्ध संपून वर्षं लोटली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात आहेत. व्यास एका रात्रीपुरते सगळ्या मेलेल्या वीरांना भागीरथीच्या पाण्यातून वर आणतात. वैर संपलेलं असतं, सगळे एकमेकांना भेटतात. जन्मांध धृतराष्ट्राला त्या रात्री दिव्य दृष्टी मिळते आणि तो मुलांना पाहतो. ही कथा ऐकताना जनमेजय आजचाच प्रश्न विचारतो, की ज्यांची शरीरं नष्ट झाली ती माणसं त्याच रूपात कशी दिसली? मला मात्र त्यानंतरची सकाळ अस्वस्थ करते. उजाडताना ते सगळे पाण्यात परत जातात. मग व्यास विधवा स्त्रियांना सांगतात, ज्यांना आपल्या पतीच्या लोकी जायचं असेल त्यांनी गंगेत उतरावं. आणि त्या उतरतात. मेलेल्यांना एका रात्रीपुरतं आणण्याची किंमत सकाळी जिवंतांनी दिली.

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ते वाक्य ऐकू आल्यावर ते उठून स्वयंपाकघरात जातील, तिथे कोणी नसेल, मग काय, हे मला माहीत नाही. ते कदाचित शांतपणे जेवतील. कदाचित जेवणार नाहीत. पण ही सकाळ त्यांची आहे, आणि पंचावन्न वर्षांच्या संसारानंतर ती कशी घालवायची हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. भाच्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. पंधरवडा जवळ आला आहे. नवमीला बाबांनी पुन्हा विचारलं तर मी नाही म्हणणार नाही. मात्र ते वाक्य पहिल्यांदा लागेल तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या पाटावर बसलेला असेन. आणि अमावास्येला नेहमीप्रमाणे आजीचं पान वाढू. तिच्यासाठी भाच्याकडे काहीच नाही.